रेंजची एक काडी

सर्जेकोटच्या जेटीपाशी माझं दुकान:
झेरॉक्स, रिचार्ज, सातबारा,
आणि हल्ली, कुणी सांगितलंच तर, वेबपेज.
रेंज इथे एक काडी. वारा पडला तर दीड.

वासंती मालंडकरच्या खोल्यांसाठी
मी पहिलं पान केलं तेव्हा
समुद्राचा फोटो चार एमबीचा होता
आणि तो वरून खाली उतरायचा,
गंजलेलं शटर हिसके देत यावं तसा:
आधी नुसतं आभाळ,
मग बऱ्याच वेळाने आणखी आभाळ,
मग सुरूच्या शेंड्यांची एक रेघ.
पाण्यापर्यंत कुणी थांबलंच नाही.
"गिऱ्हायकांक वाटता, आमच्याकडे दर्याच नाय,"
वासंती म्हणाली,
आणि उरलेले पैसे दिले नाहीत.

जानेवारीत एका पहाटे
पाट्या घेतलेल्या बायकांत उभा होतो.
समोर धुकं. धुक्यात एक डाग.
"बाबल आयलो," द्वारकाकाकी म्हणाली.
मला डागच दिसत होता.
मग डागाला नाळ फुटली,
नाळेवर लाल बावटा,
बावट्याखाली माणूस, माणसाच्या हातात दोर.
काहीच वरून खाली आलं नव्हतं.
होडी पहिल्यापासून तिथे होती,
सगळीच्या सगळी,
फक्त दाट होत गेली.

त्या रात्री वासंतीचा समुद्र मी
पुन्हा साठवला, प्रोग्रेसिव्ह.
वजन जवळपास तेवढंच, येण्याची रीत वेगळी.
पहिल्या फेरीत निळा-पिवळा लगदा,
पण लगद्याला किनारा होता.
माणसं थांबू लागली.
वासंतीने पैसे दिले, वर डबाभर बांगड्याचं तिखलं.

मग मला चढली.
मी सगळंच धुक्यातून आणू लागलो:
फोनचं चिन्ह, दुकानाचा शिक्का,
नखाएवढे माशांचे फोटो.
तारली काय कुणी तुकडे करून वाढतं?
ती अख्खीच पानात पडते.
आणि काकीचा जुना फोन
प्रत्येक फेरीला तेच चित्र नव्याने रंगवत
तव्यासारखा तापायचा.

सुरमईचा भाव तर मी फोटोवरच लिहिला होता.
कोल्हापूरच्या व्यापाऱ्याने पहिल्याच फेरीत
पाचशेवीसचे चारशेवीस वाचले,
आणि चारशेवीस म्हणाला मला.
वर त्याला मासाही शिळा निघाला.
धुक्यातला मासा नेहमी ताजाच असतो;
कल्ल्यांचा लाल आणि डोळ्याची काच
शेवटच्या फेरीला येतात,
तोवर सौदा झालेला असतो.

आता भाव अक्षरांत लिहितो.
अक्षरं हलकी, फोटोच्या आधी पोचतात.
कल्ले दाखवायचे तर फोटो लहान करतो
आणि पूर्ण आल्याशिवाय उघडतच नाही.
मोठ्या फोटोंची जागा अगोदर राखतो,
पंगतीत पान मांडून ठेवावं तशी,
नाहीतर उशिरा आलेला पाहुणा
वाचणाऱ्याला ओळीतून खाली ढकलतो.
धुकं फक्त समुद्राला, आणि होड्यांना.
एवढं शिकायला दोन पावसाळे
आणि एक व्यापारी गेला.

काल देवळाच्या वळणावर
पाठीवर बॅग घेतलेला एक मुलगा उभा होता.
तिथे तर ती एक काडीही जाते.
वासंतीचा समुद्र त्याच्या हातात
पहिल्या फेरीवरच अडकलेला.
बाजारातून परतणाऱ्या द्वारकाकाकीपुढे
त्याने फोन धरला:
"खरंच असाच आहे का हो?"

काकीने पाटी उतरवली,
फोन हातभर लांब धरला.
तिच्या मोतीबिंदूची तारीख मार्चमधली आहे,
हे मला तेव्हाच कळलं.
"असोच," ती म्हणाली.
"माका तर रोज असोच दिसता."
आणि कोपऱ्यातल्या एका ठिपक्यावर
खवल्यांचं बोट ठेवलं:
"हो आमचो बाबल."